एका बोटाचं दार

बापूसाहेब वकील कुणाकडे गेले की आधी दाराला भेटायचे आणि मग माणसांना. यजमान "या, या" करत हात जोडून उभे असायचे, आणि हे उंबऱ्याबाहेरच थांबून दार पुढेमागे करून बघायचे. करकरलं तर भुवया वर जायच्या. मग बिजागरीशी वाकणं, कडी वरखाली करणं, आणि "कोनं बसवलं हे?" असं विचारून झाल्यावरच जोडे काढणं. यजमानाच्या बायकोला वाटायचं, पाहुणे घर विकत घ्यायला आले की काय.

एकदा ओळखीतल्या एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी तिच्या वडिलांनी बापूसाहेबांना बरोबर नेलं. मुलीची शाळेतली बाई म्हणून मीही होते. मुलाकडचं सगळं झकास. घर दुमजली, मुलगा नोकरीत, सासू गोड बोलणारी. परतताना टांग्यात मुलीच्या वडिलांनी मोठ्या आनंदानं विचारलं, "मग, काय म्हणता बापूसाहेब?"

बापूसाहेब म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पन त्यायच्या सैपाकघराच्या दाराले कडी बाहेरून हाये, आतून नाई. काहून, ते पुसून घ्या."

वडील आधी हसले. घरी जाईपर्यंत त्यांचं हसू मावळलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी खरंच विचारलं. उत्तर देताना मुलाकडच्यांची बरीच तारांबळ उडाली म्हणे. शेवटी कडी आतून बसली आणि मगच अक्षता पडल्या. ती मुलगी मला भेटली की अजून त्या कडीची आठवण काढते.

मी बापूसाहेबांच्या घरी बरीच वर्षं भाड्यानं राहिले. साल छप्पनच्या सुमाराला अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मला भूगोल शिकवायची नोकरी लागली. माझे वडील अकोल्याला, जठारपेठेत. लेक परगावी एकटी राहणार हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. ते मला पोचवायला आले, ते खरं तर परत न्यायलाच आले होते. राजापेठेतल्या बापूसाहेबांच्या घरी रस्त्याच्या अंगाची एक खोली रिकामी होती. वडिलांनी खोलीला नाक मुरडलं, शेजाराला मुरडलं, आडाच्या पाण्यालाही मुरडलं. बापूसाहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग खोलीचं दार आतून लावून, उघडून दाखवलं आणि वडिलांकडे न बघता मला म्हणाले, "बाई, हे दार तुमचं. कडी तुमच्या बाजूनं हाये. मी घरमालक हावो, पन मीबी ठोकीन. तुमी उघडलं तं येईन, नाई उघडलं तं वापस जाईन."

वडिलांचा विरोध तिथं संपला. ते संध्याकाळच्या गाडीनं एकटेच अकोल्याला परतले. पुढे इतक्या वर्षांत बापूसाहेबांनी ते बोलणं एकदाही मोडलं नाही. दुधाचं पातेलं परत द्यायचं असो की शाळेला सुट्टी जाहीर झाल्याची बातमी सांगायची असो, ते आधी ठोकायचे. दार सताड उघडं असलं, मी समोर वह्या तपासत बसलेली दिसत असले, तरी ठोकायचे. उघड्या दारावर ठोकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या वयात मला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, परक्या गावात मी जी ताठ मानेनं राहिले त्यातली निम्मी मान त्या ठोकण्यामुळे ताठ होती.

बापूसाहेब दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले. त्यांच्या घराण्यातले पहिले वकील. उंच, हाडापेरानं मजबूत, कोर्टात काळा कोट आणि घरी आल्यावर लगेच बंडी. कोर्टात इंग्रजी बोलायचे ते चांगलं बोलायचे असं ऐकलं होतं, पण उंबऱ्याच्या आत अस्सल वऱ्हाडी. वकिली बेताचीच चालायची, कारण भांडत आलेल्या दोघा भावांना हे समोरासमोर बसवून चहा पाजायचे आणि कोर्टाची पायरी चढण्याआधीच मिटवून टाकायचे. "असा वकील असल्यावर जजसाहेब उपाशी मरतीन," असं माई म्हणायच्या.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. बापूसाहेबांचं दारांचं वेड समजायचं तर आधी माई समजायला हव्यात. पूर्वी शेताचं सगळं माईच बघायच्या. कापूस वेचणीला बाया लावणं, गाड्या भरून घेणं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराला फैलावर घेणं, सगळं. एका हंगामात त्या कापसानं भरलेल्या गाडीवर उभ्या राहून गाठोडी दाबून घेत होत्या. बैल बुजले, गाडी उसळली आणि माई खाली पडल्या. कंबर गेली. त्यानंतर पाय हलले नाहीत. नागपूरपर्यंत डॉक्टर झाले. शेवटी राजापेठेतल्या घराच्या मधल्या खोलीत खाट टाकली, आणि तिशी जेमतेम ओलांडलेली ती बाई त्या खाटेवर आडवी झाली. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. पलीकडे अंगण, अंगणात कडुनिंब, पण मध्ये भिंत.

पुढचं मला माईंनीच सांगितलं. त्या सांगताना बापूसाहेब उठून आडाकडे जायचे.

एका उन्हाळ्यात बापूसाहेब कोर्टातून दुपारीच घरी आले. बघतात तर पाण्याचा तांब्या खाटेखाली गडगडत गेलेला, जमीन वाळून गेलेली, आणि माईंचे ओठ कोरडे पडलेले. स्वयंपाकाची बाई मागे भांडी घासत होती. एक हाक मारली असती तरी आली असती.

"हाक काहून नाई मारली?" बापूसाहेबांनी विचारलं.

"दिवसभर दुसरं काय काम हाये मले?" माई म्हणाल्या. "पानी पायजे, मार हाक. उजेड पायजे, मार हाक. गरम होऊन राहिलं, मार हाक. कटाळा आला मले माह्याच आवाजाचा. आज म्हटलं, नाई मारत."

बापूसाहेबांनी तांब्या भरून आणला. त्यांनी पाणी दिलं, खाटेशी बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात न जाता अंगणाकडच्या भिंतीवर कोळशानं एक मोठी चौकट आखली.

त्यांच्या थोरल्या भावानं गावाहून येऊन डोक्याला हात लावला. भरल्या घराची भिंत फोडायची? आणि तीही बाईमाणसाच्या खोलीची, अंगणाकडे? बापूसाहेबांनी भिंत फोडली. आता दार कसलं बसवायचं हा प्रश्न आला. आत उघडणारं दार खाटेला अडत होतं. बाहेर उघडणारं दार उघडायला जोरानं लोटायला लागायचं, आणि मिटायला तर बाहेर जाऊनच ओढावं लागायचं. त्याच सुमाराला अकोल्याला कापसाची एक जुनी जिनिंग फॅक्टरी मोडीत निघत होती. तिच्या गोदामाला सरकती दारं होती. खाली दोन लोखंडी चाकं, जमिनीत बसवलेली लोखंडी पट्टी, आणि चाकांच्या खाचेत ती पट्टी धरून दार भिंतीच्या कडेनं सरकायचं. बापूसाहेबांनी त्यातलं सगळ्यात लहान सागवानी दार उचललं आणि रिकाम्या परतणाऱ्या मालट्रकवर चढवून अमरावतीला आणलं. गोदामाचं दार घरात बसणार म्हणून अख्खी राजापेठ बघायला जमली होती.

बसवलं हुसेन मिस्तरींनी. ते शहरातले नावाजलेले सुतार. त्यांनी दार नीट बसवलं, कडी छातीच्या उंचीवर ठोकली, एका झटक्यात सरकवून दाखवलं आणि म्हणाले, "लो वकीलसाब, मख्खन!"

बापूसाहेबांनी माईंना दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. ते स्वतः कोट-टोपीसकट माईंच्या खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "मिस्तरी, इथून उघडून दाखवा."

"अरे साब, दरवाजा आदमी खडा होके खोलता है."

"ह्या घरात झोपून उघडते."

मिस्तरींनी कडी काढली. खाटेच्या उंचीवर नवी लावली. ती लांब पडली म्हणून बापूसाहेबांनी तिला बैलाचा जुना कासरा बांधला, उशाकडे ओढला की दार उघडेल असा. पायाकडच्या भिंतीत कप्पी बसवून दुसरा कासरा मिटण्यासाठी. कासऱ्याच्या टोकांना हातात येतील असे फास. मग पुन्हा आडवे झाले. दार आलं, पण मनगट ताणून. बापूसाहेबांनी मान हलवली. "नापास. एका बोटानं आलं पायजे." पुन्हा पट्टी उकरली, पुन्हा समतल केली, चाकांचे आस घासले. असं चार दिवस चाललं होतं म्हणे. वकील आडवा पडून एक बोट फासात घालतो आहे आणि नावाजलेला मिस्तरी शाळकरी मुलासारखा निकालाची वाट बघत उभा आहे, हे सोंग माई खाटेवरून इतकं हुबेहूब वठवायच्या की मला ठसका लागायचा. शेवटी एका बोटानं दार सरकलं. बापूसाहेबांनी तेच बोट वर केलं. "पास."

त्या दिवसापासून माईंची कचेरी सुरू झाली. मी राहायला गेले तेव्हा ती जोरात चालू होती. सकाळी उठल्या उठल्या माई कासरा ओढायच्या. दार उघडलं की अंगण त्यांचं. गावाहून सालदार आला की निंबाखाली उभा राहून हिशोब द्यायचा आणि बोलणी खायचा. भाजीवाली टोपली तिथंच उतरवायची. तुरीची डाळ वाळत घातली की तिच्यावर माईंचा पहारा. दुपारी ऊन आत आलं की त्या स्वतःच दार अर्धं ओढून घ्यायच्या. नको असलेला पाहुणा दिसला की पूर्ण ओढून घ्यायच्या. खाटेला चाकं लावली होती, संध्याकाळी ती अंगणात न्यायला माणूस लागायचा. पण दाराला माणूस लागत नव्हता. ह्या एका गोष्टीची माईंना एवढी मिजास होती की कुणी मदतीला म्हणून दाराला हात लावला तर त्या खवळायच्या.

एका बोटाचं दार एका बोटाचं ठेवणं हे मात्र सोपं काम नव्हतं. बापूसाहेबांना सुतारकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, फक्त निकाल देता यायचा. त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि जमिनीबरोबर उंबराही उचलते. पहिल्या श्रावणात दार वर घासायला लागलं तेव्हा यांनी ते वरून तासून घेतलं. वैशाखात माती बसली, उंबरा खाली गेला आणि वरच्या फटीतून खारी घरात यायला लागल्या. मग पट्टीखाली पत्र्याच्या चकत्या घालायच्या आणि पावसाळा लागला की काढायच्या, अशी युक्ती निघाली.

वंगणाचा घोटाळा तर माझ्या डोळ्यांदेखतचा. दार जड झालं असं माई म्हणाल्या की बापूसाहेब बैलगाडीचं वंगण आणायचे आणि चाकांना, आसांना, पट्टीला चांगलं हातभर फासायचे. बैलगाडीच्या घरात जन्मलेला माणूस, चाक म्हटलं की वंगण. हंगामाच्या दिवसांत अमरावतीच्या हवेत कापूस उडत असतो. त्यात आमच्या मागच्या गल्लीत पिंजारी बसायचा. दिवाळीनंतर दार दिवसेंदिवस जड होत गेलं आणि बापूसाहेब दिवसेंदिवस वंगण वाढवत गेले.

माई दिवसभर त्या दाराशेजारी पडून असायच्या. त्याचा आवाज त्यांना पाठ होता. एके सकाळी त्या म्हणाल्या, "आयका जरा. चाक फिरून नाई राहिलं. घसरून राहिलं."

"वंगन कमी पडलं असंन."

"जास्त झालं असंन. काढून तं पाहा."

मिस्तरींना बोलावून दार उचललं, आडवं केलं. बघतो तर चाकांभोवती रुई आणि वंगण आणि धूळ यांची मिळून काळीभोर गादी झालेली. चाकं जाम. फिरता येईना म्हणून ती पट्टीवर नुसती फरफटत होती, आणि त्यामुळे एका अंगानं साफ चपटी झाली होती. बापूसाहेबांनी चपटं चाक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग माईंना म्हणाले, "एवढे दिवस तू हे वढून राहिली होती?"

"मंग काय करता? तुमी एवढ्या हौशीनं वंगन लावून राहिले होते."

त्यानंतर पट्टी कोरडी राहायला लागली. रोज सकाळी आंघोळीआधी बापूसाहेब कुंचा घेऊन उंबऱ्याशी बसायचे आणि पट्टी झाडायचे. कोर्टात मोठा खटला असो, पक्षकार ताटकळत असोत, पट्टी झाडल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. तेल लागायचं ते थेंबभर, आणि तेही फक्त आसाला.

झिजलेली चाकं बदलायची तर तशी चाकं अकोल्यालाच मिळायची, मोडीच्या बाजारात. मी नाताळच्या सुट्टीत घरी निघाले होते. बापूसाहेबांनी दारावर ठोकलं, आत आले, आणि चाकाच्या घेराचं माप म्हणून गाठ मारलेला सुताचा दोरा माझ्या हातात दिला. मी अकोल्याला वडिलांना घेऊन मोडीच्या बाजारात हिंडले. लेक मास्तरीण झाली आणि भंगारात चाकं शोधत हिंडते, हे बघून वडिलांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ओळखीचं कुणी दिसलं की ते चार पावलं मागे राहायचे. दोऱ्याबरहुकूम दोन चाकं घेतली, साड्यांच्या खाली पिशवीत घातली. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालानं पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "बाई, गोटे घेऊन चालल्या का?"

चाकं बसली. दार मात्र खाली घासायला लागलं, जवळजवळ पूर्वीइतकंच. मिस्तरी चक्रावले. बापूसाहेब पट्टीशी पालथे पडून बघत राहिले. माईंनी खाटेवरून विचारलं, "माप कशाचं देल्लं होतं?"

"कशाचं म्हंजे? ह्याच चाकाचं."

"ह्याच म्हंजे झिजलेल्या?"

 मग माई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अवो वकीलसाहेब, झिजलेल्याचं माप देऊन नवं कसं येईन?" मिस्तरी हसले, मी हसले, आणि शेवटी बापूसाहेब स्वतः उंबऱ्यावर बसून मांडीवर हात मारत हसले. आपली फजिती इतकी मनापासून एंजॉय करणारा माणूस विरळाच. मला संक्रांतीला पुन्हा एकदा गोटे वाहावे लागले. या खेपेला मूळचं माप दुसऱ्या, कमी झिजलेल्या चाकाच्या आतल्या कडेवरून मिस्तरींनी काढून दिलं होतं.

मला सर्वांत आवडायचा तो पोळ्याचा आदला दिवस. त्या संध्याकाळी गावोगावी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. राजापेठेतल्या घरी बैल नव्हते. एका वर्षी माई गमतीनं म्हणाल्या, "आपल्या घरी ओझं वाहते कोन? हे दोन चाकं. यायचीच करा खांदेमळनी." माईंनी गंमत केली, बापूसाहेबांनी ती खरी केली. दर वर्षी त्या दिवशी दार उचलायचं, चाकं काढायची, धुवायची, पाटावर ठेवायची. बापूसाहेब सोवळ्यातल्या भटजीच्या गांभीर्यानं त्यांना लोणी-हळद चोळायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी चाकांना पुरणपोळीचा नैवेद्य. मग रिठ्याच्या पाण्यानं लोण्याचा कण न् कण धुऊन काढायचा, कारण रुईची गादी कुणी विसरलं नव्हतं. चाकं झिजली असली तर त्याच दिवशी बदलायची. झिजलेल्या चाकांनाही नैवेद्य मिळायचा, आधी मिळायचा. "त्यायनं वाह्यलं म्हून," बापूसाहेब म्हणायचे. शेवटी आडवं पडून एक बोट, आणि "पास".

पुढे माझं लग्न ठरलं, अकोल्याच्या शाळेत बदली मिळाली आणि मी राजापेठेतली खोली सोडली. लग्नानंतर महिन्याभरात बापूसाहेब जठारपेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी आले. उघड्या दारावर ठोकलं. मी "या" म्हटल्यावरही लगेच आत आले नाहीत. बाहेरची कडी पाहिली, आत येऊन आतली पाहिली, स्वयंपाकघराचं दार पाहिलं. माझे यजमान हातात चहाचा कप घेऊन चकित होऊन बघत होते. बापूसाहेबांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं, आणि मग जोडे काढले. माहेरच्या माणसानं इतकं कमी बोलून इतकं काही विचारलेलं मला आठवत नाही.

पुढे माझ्या वडिलांची नजर गेली. मी त्यांना आमच्या बिऱ्हाडी आणलं आणि त्यांच्यासाठी धावायला लागले. त्यांचा हात धरून अंगणात न्यायचं, हात धरून आणायचं. ते दिवसेंदिवस गप्प होत चालले. एकदा मी शाळेतून आले तर ते खाटेवर तसेच बसून होते, सकाळपासून. हाक मारली नव्हती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला राजापेठेतला तो गडगडत गेलेला तांब्या दिसला. त्याच संध्याकाळी मी खाटेपासून अंगणापर्यंत, अंगणापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी वडील एकटे, दोर धरून, न्हाणीत गेले आणि आंघोळ करून बाहेर येताना गुणगुणत होते. ते दिवस मला बापूसाहेबांनी दिले. आपल्या माणसासाठी करायचं ते त्याच्या हाताला येईल असं करायचं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी नुसतं त्यांच्या घरात राहिले होते.

साठचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा अमरावतीहून निरोप आला. बापूसाहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मला लगेच निघता आलं नाही. पोळा आला तशी मी रजा काढली, मोडीच्या बाजारात गेले आणि योग्य मापाची दोन चाकं घेऊन आदल्या दिवशी दुपारी राजापेठेत पोचले.

अंगणाच्या बाजूनं गेले. दार मिटलेलं होतं. मी ठोकलं.

"कोन? सुमन?" आतून माईंचा आवाज आला. माझं ठोकणं त्यांना अजून ओळखू येत होतं. "थांब. हात नको लावू."

दार हललं, करकरलं, थांबलं. पुन्हा हललं. हातभर सरकलं आणि पुन्हा अडलं. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. माईंनी कासरा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांना धाप लागली होती. शेजारी दुसरी खाट. तिच्यावर बापूसाहेब. एवढा थोरला माणूस, पूर्वी खाटेत मावेनासा वाटायचा, तो आता खाटेत हरवल्यासारखा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माईंच्या हातांकडे बघत होते.

"त्यायच्या आजारात चाकायकडे कोन पाहते?" माई म्हणाल्या. "मले दोन हात लागले तरी चालते. पन त्यायले पाहवत नाई. म्या कासरा धरला का डोये पुसतेत."

मी पिशवीतून चाकं काढून बापूसाहेबांच्या डाव्या हाताशी ठेवली. त्यांनी एक चाक चाचपलं. खाचेतून अंगठा फिरवला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

हुसेन मिस्तरींची दाढी पांढरी झाली होती. निरोप मिळताच ते आले, दोन माणसं घेऊन आले. दार उचललं, जुनी चाकं काढली. संध्याकाळी जुनी आणि नवी अशी चारही चाकं पाटावर ठेवली. बापूसाहेबांच्या डाव्या हातात मी लोणी दिलं. त्यांनी चारही चाकांना चोळलं, जुन्यांना आधी. मग आमंत्रण द्यायचं म्हणून तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. माईंनी खाटेवरून हात जोडले आणि नेहमीच्या, सालदाराला दटावायच्या खणखणीत आवाजात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला, चाकं धुऊन बसवली, पट्टीखालच्या चकत्या मिस्तरींनी काढल्या. दार पट्टीवर चढलं. मिस्तरींनी सवयीनं कडीला हात घातला, आणि मागे घेतला. आडवं पडून बघणारा माणूस आता दुसऱ्या खाटेवर होता. आम्ही सगळे माईंकडे बघायला लागलो.

माईंनी फासात एकच बोट घातलं.

दार आवाज न करता आलं. अंगण, निंब, रात्रीच्या पावसानं ओली झालेली जमीन, सगळं आत आलं. बापूसाहेब माईंच्या तोंडाकडे बघत होते. तिथं कुठं आठी पडते का, ते बघत होते. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उठला. हळूहळू एक बोट वर झालं. मिस्तरींनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पास हो गए, साब."

मला त्याच दिवशी परतायचं होतं. मी दोघांच्या पाया पडले आणि अंगणात उतरले. दार लावू का, असं विचारणार होते, पण विचारलं नाही. निंबापाशी गेल्यावर वळून पाहिलं. ढग हटले होते, ऊन सरकत सरकत बापूसाहेबांच्या तोंडावर आलं होतं. त्यांना आता हाक मारता येत नव्हती. त्यांनी नुसते डोळे बारीक केले. माईंनी दार मिटायच्या कासऱ्याच्या फासात एक बोट घातलं, आणि दार त्यांच्या डोळ्यांवर सावली पडेल इतकंच, वीतभर, पुढे सरकलं.